एव्ही रिसीव्हर : आवाज दोनच स्पीकरांतून, पडदा मधेच काळा, सबवूफर घुमतो. जोडण्या कशा तपासायच्या?

मध्यलय

नमस्कार मंडळी. जोडणी अशी आहे : ७.२ चॅनेलचा रिसीव्हर (सगळ्या यंत्रांचं चित्र टीव्हीला आणि आवाज स्पीकरांना देणारं यंत्र), त्यावर ५.१.२ स्पीकर (पाच भोवती, एक सबवूफर, दोन छतात). डीटीएच बॉक्स, फायर टीव्ही स्टिक ४के आणि पीएस-५ हे तिन्ही रिसीव्हरच्या एचडीएमआय इनपुटला. रिसीव्हरपासून भिंतीवरच्या टीव्हीपर्यंत साडेसात मीटरची साधी एचडीएमआय केबल, भिंतीतल्या पाइपातून. टीव्हीकडे ती ई-आर्क (टीव्हीचा आवाज उलटा रिसीव्हरकडे आणणारी सोय) लिहिलेल्या पोर्टलाच लावली आहे.

अडचणी चार.
१. टीव्हीतलं कुठलंही ॲप लावलं की रिसीव्हरवर 'पीसीएम' (न दाबलेला साधा डिजिटल आवाज) येतं आणि आवाज पुढच्या दोन स्पीकरांतून.
२. पीएस-५ वर ४के १२० हर्ट्झचा खेळ सुरू असताना दर दोन-चार मिनिटांनी पडदा दोन सेकंद काळा होतो. कधी कधी पांढरे ठिपके चमकतात.
३. काहीही लावलेलं नसलं तरी सबवूफर घुमत राहतो.
४. डावा सराउंड (बाजूचा स्पीकर) गप्प.

कुठून सुरुवात करावी?

पन्नासहर्ट्झ

चारही अडचणींची मुळं वेगळी दिसतात, त्यामुळे एका वेळी एकच धरा. आणि अजून कुठल्याच सेटिंगला हात लावू नका. चार मेनूंत चार बदल केले की नंतर कशामुळे काय झालं हे कळायला मार्ग उरत नाही.

चित्रासाठी पहिली तपासणी एका बटणाची आहे. रिसीव्हरच्या रिमोटवरचं 'सेटअप' दाबा. रिसीव्हरचा स्वतःचा मेनू टीव्हीवर स्वच्छ दिसला तर रिसीव्हर ते टीव्ही हा दुवा निदान साध्या सिग्नलसाठी धड आहे. मेनू दिसूनही चित्रच येत नसेल तर दोष त्याच्या अलीकडे, म्हणजे स्टिक, बॉक्स किंवा त्यांच्या केबलीत. मेनूही दिसला नाही तर आउटपुटची केबल, टीव्हीचं पोर्ट किंवा टीव्हीवर निवडलेला इनपुट तपासा. दोन आउटपुट असलेल्या रिसीव्हरांत 'मॉनिटर २' निवडला गेलेला असतो आणि केबल 'मॉनिटर १' ला, हेही पाहा.

आवाजासाठी रिसीव्हरचं 'इन्फो' बटण. त्यात दोन गोष्टी दिसतात : आत काय आलं आणि बाहेर काय चाललंय. आत 'डॉल्बी डिजिटल प्लस' किंवा 'ॲटमॉस' (छतातल्या स्पीकरांसकटचा डॉल्बीचा आवाज) येतंय आणि ऐकू दोनच स्पीकर येतायत, तर रिसीव्हरचा साउंड मोड 'स्टीरिओ' वर आहे. आतच 'पीसीएम २.०' येत असेल तर रिसीव्हर निर्दोष. त्याला मिळतंय तेच तो वाजवतोय. तुमची पहिली अडचण या दुसऱ्या जातीची, म्हणजे टीव्हीच्या सेटिंगमधली.

तारयंत्री

+१. पहिल्या अडचणीचं मी सांगते.

टीव्हीतल्या ॲपचा आवाज रिसीव्हरकडे उलटा येतो तो त्याच एचडीएमआय केबलच्या १४ क्रमांकाच्या पिनवरून. आर्क ही सोय एचडीएमआय १.४ बरोबर २००९ मध्ये आली. ई-आर्क २०१७ च्या २.१ मध्ये. दोघांच्या वाहून नेण्याच्या ताकदीत फार अंतर आहे. साधा आर्क साधारण सेकंदाला १ मेगाबिटचा. त्यावरून दोन चॅनेल पीसीएम, डॉल्बी डिजिटल, डॉल्बी डिजिटल प्लस (ॲटमॉससकट) जातं. ई-आर्क ३७ मेगाबिटपर्यंत, म्हणून ब्ल्यू-रेवरचं ट्रू-एचडी, डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ आणि आठ चॅनेलचं पीसीएम त्यावरूनच जाऊ शकतं. ओटीटीवरचा ॲटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये गुंडाळलेला असतो, त्यामुळे त्याला साधा आर्कसुद्धा पुरतो. ई-आर्क नाही म्हणून ॲटमॉस नाही, हा समज चुकीचा आहे.

टीव्हीत या क्रमाने करा :

सीईसी (एका रिमोटने जोडलेली यंत्रं चालवण्याची सोय) चालू. प्रत्येक कंपनीने त्याला आपलं नाव दिलंय : सोनीत 'ब्राव्हिया सिंक', एलजीत 'सिंपलिंक', सॅमसंगमध्ये 'एनीनेट प्लस', पॅनासॉनिकमध्ये 'व्हिएरा लिंक'. रिसीव्हरच्या मेनूतही 'एचडीएमआय कंट्रोल' आणि 'आर्क' दोन्ही चालू करा. यातलं एक बंद राहिलं की आर्क जोडलाच जात नाही.

मग टीव्हीचा ध्वनी आउटपुट 'रिसीव्हर' किंवा 'एचडीएमआय आर्क'.

मग ई-आर्क 'ऑटो'.

शेवटी डिजिटल ऑडिओ आउटपुट. ते 'पीसीएम' वर असतं म्हणूनच तुम्हाला दोन चॅनेल मिळतायत. सोनीत 'ऑटो १', एलजी आणि सॅमसंगमध्ये 'पास थ्रू' किंवा 'ऑटो' करा.

हे सगळं झाल्यावर टीव्ही आणि रिसीव्हर दोन्ही भिंतीवरच्या खटक्यावरून बंद करा, मधली एचडीएमआय केबल एका टोकाने काढा, पाच मिनिटं थांबा. केबल काढण्यामागे कारण आहे : १८ क्रमांकाच्या पिनवर ५ व्होल्ट असतात, आणि जोडलेलं दुसरं यंत्र चालू राहिलं तर खटका बंद करूनही एचडीएमआय चिप अर्धवट जागी राहते. मग आधी टीव्ही, तो पूर्ण सुरू झाला की रिसीव्हर, मग बाकीचे. प्रत्येक यंत्र पुढच्याला 'तुला काय काय झेपतं' असं विचारतं आणि ते उत्तर धरून सिग्नल पाठवतं. रिसीव्हर जागा झाला तेव्हा टीव्ही झोपलेला असेल तर त्याला अर्धवट किंवा जुनं उत्तर मिळतं.

कोकणकडा

यात डीटीएसची (डॉल्बीसारखीच दुसरी ध्वनिपद्धत) भर घालतो, कारण यात बरेच जण अडकतात. पेनड्राइव्हवरचा सिनेमा टीव्हीत लावला आणि चित्र आलं पण आवाजच नाही, तर फाइलमधला आवाज डीटीएस आहे का बघा. सॅमसंगने २०१८ च्या टीव्हींपासून डीटीएस काढून टाकलं, एलजीने २०२० मध्ये काढलं आणि २०२३ च्या काही मॉडेलांत परत आणलं. टीव्ही ते उलगडतही नाही आणि पुढेही देत नाही. आर्कच्या सेटिंगमध्ये कितीही फिरलात तरी उपयोग नाही. तो पेनड्राइव्ह रिसीव्हरला थेट जोडलेल्या प्लेयरमध्ये लावायचा.

मध्यलय

झालं! ऑडिओ आउटपुट 'पीसीएम' वरच होतं. 'पास थ्रू' केल्यावर रिसीव्हरवर 'डॉल्बी डिजिटल प्लस' येतंय, एका ॲपवर 'ॲटमॉस' सुद्धा. नेटफ्लिक्सवर मात्र ५.१ च येतं.

तारयंत्री

नेटफ्लिक्सवर ॲटमॉस फक्त प्रीमियम योजनेत मिळतं, आणि ते सगळ्या शीर्षकांना नसतं. शीर्षकाच्या माहितीत ॲटमॉसचं चिन्ह आहे का ते आधी बघा. फायर स्टिकवर 'डिस्प्ले अँड साउंड्स'मध्ये सराउंड साउंड 'बेस्ट अव्हेलेबल' ठेवा. पीएस-५ मध्ये ऑडिओ आउटपुटखाली एचडीएमआय डिव्हाइस 'एव्ही ॲम्प्लिफायर' निवडा, नाहीतर ते दोन चॅनेलवरच बसतं.

आणि स्टिक टीव्हीच्या किंवा रिसीव्हरच्या यूएसबीवर चालवत असाल तर तिच्या सोबत आलेल्या ५ वॉटच्या ॲडाप्टरवर घ्या. यूएसबीतून वीज कमी पडली की ती अधूनमधून आपोआप रीस्टार्ट होते आणि दोष एचडीएमआयच्या माथी जातो.

रानफूल

माझ्याकडे आर्क नसलेला जुना रिसीव्हर आहे. टीव्हीचा आवाज ऑप्टिकलने घेतला तर चालेल का?

पन्नासहर्ट्झ

चालेल, पण ऑप्टिकलवरून दोन चॅनेल पीसीएम, साधं डॉल्बी डिजिटल ५.१ आणि साधं डीटीएस एवढंच जातं. डॉल्बी डिजिटल प्लस जात नाही, त्यामुळे ॲटमॉस नाही. टीव्हीत आउटपुट 'डॉल्बी डिजिटल' निवडा. बरेच टीव्ही प्लसचं साध्या डॉल्बीत रूपांतर करून देतात, मग ५.१ मिळतं. नव्या केबलच्या दोन्ही टोकांवर पारदर्शक प्लॅस्टिकची बारीक टोपी असते, ती काढायची राहून जाते. टीव्ही चालू करून मोकळ्या टोकाकडे बघा : लाल उजेड दिसला पाहिजे. केबल पिळून किंवा तीक्ष्ण घडी घालून कॅबिनेटमागे दाबू नका. आतला तंतू एकदा मोडला की उजेड पोचत नाही.

अनुनाद

आता दुसरी अडचण. काळा पडदा आणि पांढरे ठिपके ही केबलची तक्रार आहे. डिजिटल सिग्नल हळूहळू फिका होत नाही. आधी तुरळक बिट चुकतात, ते ठिपके म्हणून चमकतात. मग चुका इतक्या वाढतात की टीव्ही सिग्नल सोडून पुन्हा पकडतो, तेव्हा पडदा काळा होतो. रंग हिरवा किंवा गुलाबी झाला असता तर ते रंगाच्या पद्धतीवरून यंत्रांत झालेल्या गैरसमजाचं लक्षण, केबल काढून पुन्हा लावल्यावर बहुधा जाणारं. 'एचडीसीपी' असं लिहून आलं असतं तर ४के ला लागणारं एचडीसीपी २.२ (नक्कल रोखणारं कुलूप) साखळीतल्या एखाद्या यंत्राला किंवा पोर्टला कळत नाही असा अर्थ. तुमचं यापैकी काही नाही.

हिशेब असा. १०८०पी ६० हर्ट्झला सेकंदाला सुमारे ४.५ गिगाबिट लागतात. ४के ६० हर्ट्झ, १०-बिट एचडीआर, ४:२:० (रंगाची माहिती किती ठेवली त्याचं माप) ला ११.१. ४के ६० हर्ट्झ ४:२:२ ला १७.८. इथे एचडीएमआय २.० ची १८ गिगाबिटची मर्यादा संपते. पीएस-५ ४के १२० हर्ट्झसाठी ३२ गिगाबिटपर्यंत जातो. साडेसात मीटरच्या साध्या तांब्याच्या केबलवर १८ पार करतानाच मारामार. ३२ म्हणजे तिच्यावर अन्याय आहे. ४८ गिगाबिटच्या प्रमाणित साध्या केबली तीन मीटर, फार तर पाच मीटरपर्यंतच मिळतात, त्याचं कारण हेच.

केबल विकत घेण्याआधी सिद्ध करा. पीएस-५ मध्ये 'स्क्रीन अँड व्हिडिओ' खाली '४के व्हिडिओ ट्रान्सफर रेट' आहे. तो 'ऑटोमॅटिक' वरून '-१', मग '-२' करा. ठिपके गेले तर केबल कमी पडतेय हे नक्की. दुसरी खात्री : पीएस-५ दोन मीटरच्या अल्ट्रा हाय स्पीड केबलने थेट टीव्हीला लावून तोच खेळ तासभर चालवा.

रानफूल

मग सरळ महागडी सोन्याचा मुलामा असलेली केबल घेतली तर?

अनुनाद

मुलामा गंज टाळतो. किनाऱ्यावरच्या दमट हवेत त्याचा थोडा उपयोग आहे. पण वेग त्याने वाढत नाही. खोक्यावर 'अल्ट्रा हाय स्पीड एचडीएमआय केबल' हे प्रमाणपत्राचं लेबल आणि स्कॅन करता येणारा कोड आहे का, तेवढंच बघा. '८के' किंवा '२.१' असं नुसतं छापलेलं असण्याला अर्थ नाही.

साडेसात मीटरला खरं उत्तर म्हणजे ऑप्टिकल फायबरची एचडीएमआय केबल, जिला एओसी म्हणतात. तिच्याबाबत तीन गोष्टी सांभाळा. तिला दिशा असते : 'सोर्स' टोक रिसीव्हरकडे, 'डिस्प्ले' टोक टीव्हीकडे. उलटी लावली की चित्रच येत नाही आणि माणूस केबल खराब समजून परत करतो. दुसरं, घेताना 'ई-आर्क चालतं' असं स्पष्ट लिहिलेलं हवं, कारण काही फायबर केबलींत उलटा आवाज नीट येत नाही आणि तुमची सुटलेली पहिली अडचण परत येईल. तिसरं, पाइप. घरांत भिंतीत बहुधा २० किंवा २५ मिलिमीटरचे पाइप असतात आणि एचडीएमआयचं डोकंच साधारण २० मिलिमीटर रुंद असतं. पाइपाला एक बाक आला की ते अडकतं. ज्याचं डोकं सुटं होतं, आत छोटा मायक्रो जोड असतो, अशी केबल घ्या. ओढताना जुन्या केबलला नायलॉनची दोरी बांधून जुनी बाहेर काढा, दोरी आत राहील, तिनेच नवी ओढा. ओढ डोक्यावर येऊ देऊ नका. दोरीची गाठ आवरणावर चार-पाच इंच मागे घ्या आणि त्यावर टेप गुंडाळा. ज्यांच्या घराचं काम आता चाललंय त्यांनी हा पाइप ४० मिलिमीटरचा घालावा आणि काटकोनी एल्बोऐवजी लांब बाक द्यावा.

केबल बदलल्यावर दोन्हीकडची सेटिंग. रिसीव्हरचं '४के सिग्नल फॉरमॅट' अनेक मॉडेलांत 'स्टँडर्ड' वर येतं. ते '८के एन्हान्स्ड' करा. टीव्हीत त्या पोर्टसाठी वेगळं चालू करावं लागतं : सोनीत 'एन्हान्स्ड फॉरमॅट', सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', एलजीत 'एचडीएमआय डीप कलर'. आणि रिसीव्हरचे सगळेच इनपुट सारखे नसतात. '८के' लिहिलेला इनपुट कोणता ते मागच्या पाटीवर पाहा, पीएस-५ तिथेच लावा.

कोकणकडा

एक पुरवणी. २०२० मध्ये आलेल्या पहिल्या पिढीच्या ८के रिसीव्हरांत एचडीएमआय चिपचाच दोष निघाला होता. एक्सबॉक्स सिरीज एक्सकडून ४के १२० हर्ट्झ आलं की पडदा काळा राहायचा. पीएस-५ ला तो त्रास नव्हता. तेव्हाचा रिसीव्हर सेकंडहँड घेणाऱ्यांनी चिप किंवा बोर्ड बदललंय का हे विचारून घ्यावं.

केबल बदलायची नसेल तर दुसरा मार्ग : पीएस-५ थेट टीव्हीला लावायचा आणि आवाज ई-आर्कने रिसीव्हरला. मात्र कित्येक टीव्हींत पूर्ण वेगाची पोर्टं दोनच असतात आणि त्यातलं एक ई-आर्कचं, ते रिसीव्हरने अडवलेलं. दुसरं उरलेलं पीएस-५ ला द्या.

मध्यलय

'-१' वर ठिपके तुरळक, '-२' वर पूर्ण गेले. दोन मीटरच्या केबलने थेट टीव्हीला तासभर एकही अडथळा नाही. म्हणजे केबलच. सुट्या डोक्याची दहा मीटरची फायबर केबल मागवतो.

तांबडीतार

सबवूफरच्या घुमण्यासाठी : डीटीएचच्या कोॲक्सवर (डिशकडून येणारी गोल केबल) ग्राउंड लूप आयसोलेटर बसवा, काम फत्ते.

पन्नासहर्ट्झ

थांबा, हे डीटीएचला लागू होत नाही आणि असे आयसोलेटर लोक वाया घालवतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी घुमणं नक्की कुठलं ते ठरवा. सबवूफरच्या मागची आरसीए केबल काढा, सबवूफर चालूच ठेवा. तरी घुमला तर दोष सबवूफरच्या आतल्या ॲम्प्लिफायरमध्ये. शांत झाला तर केबल परत लावा आणि एकेक यंत्र रिसीव्हरपासून सोडवत जा. सगळ्यात आधी डीटीएच बॉक्सच्या मागचा कोॲक्स पिळून काढा. फक्त कोॲक्स, एचडीएमआय तशीच राहू द्या. बहुतेक घरांत घुमणं त्याच क्षणी थांबतं.

कारण असं. रिसीव्हर आणि सबवूफरची जमीन तुमच्या बोर्डावरच्या अर्थिंगशी. कोॲक्सचं आवरण मात्र गच्चीवर लोखंडी खांबाशी किंवा सोसायटीच्या सामायिक डिशच्या सामानाशी जोडलेलं. या दोन जमिनींमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक असतो. तो फरक कोॲक्स, बॉक्स, एचडीएमआय, रिसीव्हर, सबवूफरची आरसीए या वाटेने वाहतो आणि आरसीएच्या आवरणातून जाताना ५० हर्ट्झचा खालचा गुंजारव होतो. आवाज त्याहून वर, भुंग्यासारखा किरकिरा असेल तर तो १०० हर्ट्झचा, पॉवर सप्लायकडून आलेला.

केबल टीव्ही किंवा अँटेना असेल तर कोॲक्सवर आयसोलेटर चालतो, कारण तिथून फक्त रेडिओ लहरी यायच्या असतात. डीटीएचमध्ये बॉक्स त्याच तारेवरून डिशच्या एलएनबीला (डिशवरचा सिग्नल घेणारा भाग) १३ किंवा १८ व्होल्ट डीसी पाठवतो. त्या विजेचा परतीचा रस्ता म्हणजे कोॲक्सचं आवरण. आवरण तोडणारा आयसोलेटर बसवला की एलएनबी बंद, पडद्यावर 'सिग्नल नाही'.

डीटीएचचं उत्तर आवरण तोडणं नव्हे, दोन्ही जमिनी एकत्र आणणं. कोॲक्स घरात शिरतो तिथे एफ-जोडाचा ग्राउंडिंग ब्लॉक बसवा : दोन बाजूंना कोॲक्सचे जोड, खाली एक स्क्रू. त्या स्क्रूपासून २.५ चौरस मिलिमीटरची हिरवी तांब्याची वायर, रिसीव्हर ज्या बोर्डावर आहे त्याच बोर्डाच्या अर्थ पट्टीला. हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. सगळी यंत्रं त्या एकाच बोर्डावर आणा, सबवूफरसुद्धा. तो खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यातल्या सॉकेटवर असेल तर एक्स्टेन्शन घ्या.

आधी त्या बोर्डाचं अर्थिंग आहे का हे मोजून घ्यायला सांगा. फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ ही दोन मापं जवळजवळ सारखी, २३० च्या आसपास यायला हवीत. न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज ते अर्थ फारच कमी येत असेल किंवा आकडा तरंगत असेल तर अर्थची वायर कुठेतरी तुटलेली आहे. ते आधी दुरुस्त करा, ध्वनीचं नंतर.

आणि घुमणं थांबवायला तीन पिनांच्या प्लगची अर्थ पिन काढू नका, टेपही लावू नका. घुमणं थांबतं हे खरं, पण आत वायर सुटून धातूच्या खोक्याला लागली तर वीज खोक्यावरच थांबते आणि पुढचा हात लावणाऱ्याला बसते. ती पिन त्याच प्रसंगासाठी आहे.

तांबडीतार

डीसीचा परतीचा रस्ता लक्षात आला नव्हता. दुरुस्तीबद्दल आभार. आरसीए केबलमध्ये लाइन आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातला तर?

पन्नासहर्ट्झ

लूप तुटतो, पण छोट्या स्वस्त ट्रान्सफॉर्मरचा गाभा अगदी खालच्या स्वरांना पुरत नाही; ३० हर्ट्झच्या खालचं अंग जातं, आणि सबवूफर घेतला तो त्याच्याचसाठी. ग्राउंडिंग ब्लॉक जमलाच नाही तर शेवटचा उपाय म्हणून ठेवा. सबवूफरची केबल आवरणवाली हवी, आणि विजेच्या वायरीला लागून समांतर नेऊ नका : एक फूट अंतर, ओलांडायचीच असेल तर काटकोनात.

तारयंत्री

चौथी अडचण, गप्प सराउंड. रिसीव्हर खटक्यावरून बंद करा आणि मागे डाव्या-उजव्या सराउंडच्या वायरी अदलाबदल करा. टेस्ट टोन लावा. शांतता खोलीच्या त्याच डाव्या कोपऱ्यात राहिली तर वायर किंवा स्पीकर दोषी. शांतता उजवीकडे गेली तर रिसीव्हरचं ते चॅनेल किंवा त्याचं सेटिंग.

डावीकडेच राहिली तर वायर रिसीव्हरकडून सोडवा आणि पेन्सिल सेल, दीड व्होल्टचा, क्षणभर तिच्या दोन टोकांना टेकवा. स्पीकरमधून 'टक्' ऐकू आलं की वायर आणि स्पीकर दोन्ही जिवंत. सेलचं धन टोक लाल वायरीला असताना स्पीकरचा कोन (शंकूसारखा पडदा) बाहेरच्या बाजूला सरकला तर ध्रुवताही बरोबर. ट्वीटरवर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) हा प्रयोग करू नका. मल्टिमीटर असेल तर वायरीच्या टोकांवर ओहम मोजा : ८ ओहमचा स्पीकर साडेपाच ते सातच्या दरम्यान दाखवतो, ४ ओहमचा तीनच्या आसपास. आकडा येतच नसेल तर कुठेतरी तुटलंय. अर्ध्या ओहमच्या खाली आला तर दोन वायरी एकमेकींना टेकल्यात. तसं असेल तर रिसीव्हर चालू करू नका. आउटपुट ट्रान्झिस्टर जातात.

मध्यलय

अदलाबदल केल्यावर शांतता डावीकडेच. मीटरवर आकडा येत नाही, सेललाही 'टक्' नाही.

तारयंत्री

मग स्पीकरच्या मागचा जोड उघडून बघा. बायंडिंग पोस्टचा (वायर कसून धरणारा जोड) लाल स्क्रू पूर्ण सैल करा आणि वायर जशी बाहेर येते तशी नीट न्याहाळा. तांब्यावर दाबाची चपटी खूण असायला हवी. खूण प्लॅस्टिकच्या आवरणावर असेल तर स्क्रूने तांबं पकडलेलंच नाही; त्याने आवरण दाबून धरलंय. बाहेरून जोड अगदी घट्ट वाटतो, ओढला तरी निघत नाही, म्हणून हा दोष सगळ्यात जास्त लपून राहतो.

वायर नव्याने सोला : दहा ते बारा मिलिमीटर, जास्त नाही. आतले केसासारखे धागे मोडू देऊ नका, मोडलेले असतील तर कापून पुन्हा सोला. धागे पिळताना ते मुळात ज्या बाजूला वळलेले असतात त्याच बाजूला पिळा, म्हणजे टोक टाचणीसारखं घट्ट होतं. पोस्टच्या भोकात घातल्यावर एकही धागा बाहेर उभा राहता कामा नये, शेजारच्या काळ्या पोस्टकडे तर नाहीच. एक धागा पुरतो : रिसीव्हर चालू होतो, 'टिक' असा रिले वाजतो आणि लगेच बंद पडून लाल दिवा लुकलुकतो.

जाडीबद्दल : ८ ओहमला पंधरा मीटरपर्यंत १६ गेज, म्हणजे साधारण १.३ चौरस मिलिमीटर पुरे. त्यापुढे १४ गेज. खोक्यावर सीसीए लिहिलेलं असेल तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार. एक जाडी वरची घ्या किंवा शुद्ध तांबं घ्या.

कोकणकडा

छतातले दोन स्पीकरही वाजतायत का पाहा. ७.२ रिसीव्हरात तेच पोस्ट 'सराउंड बॅक' आणि 'हाइट' दोन्हीसाठी असतात. 'ॲम्प असाइन' मध्ये हाइट निवडलं नाही तर ॲटमॉसचा दिवा लागतो आणि छत गप्प राहतं.

रानफूल

चित्र आवाजाच्या मागे पडतं, त्याचं काय?

अनुनाद

चित्र मागे म्हणजे टीव्ही चित्रावर प्रक्रिया करण्यात वेळ घालवतोय. रिसीव्हरच्या 'ऑडिओ डिले' मध्ये २० मिलिसेकंदांनी वाढवत जा, ओठ जुळले की थांबा. टीव्हीचं मोशन स्मूदिंग बंद केलं किंवा गेम मोड लावला तरी फरक पडतो. आवाज चित्राच्या मागे असेल तर मात्र रिसीव्हर काही करू शकत नाही. त्याला आवाज थांबवता येतो, लवकर आणता येत नाही. तेव्हा टीव्ही आणि रिसीव्हर दोन्हीकडचा डिले शून्य करा, आउटपुट 'पास थ्रू' ठेवा, तरी राहिलं तर ते यंत्र टीव्हीऐवजी थेट रिसीव्हरला जोडा.

मध्यलय

सद्यःस्थिती.

सराउंड : तारयंत्री म्हणाल्या तेच. लाल पोस्टमध्ये खूण आवरणावर होती. नव्याने सोलून बसवली, मीटर ६.१ ओहम, टेस्ट टोन येतोय.

छत : ॲम्प असाइन 'सराउंड बॅक' वर होतं. बदललं.

घुमणं : कोॲक्स काढताच थांबलं, लावताच परत. फेज-न्यूट्रल २३४, फेज-अर्थ २३३, न्यूट्रल-अर्थ १.४. इलेक्ट्रिशियनने ग्राउंडिंग ब्लॉक बसवला. आता आवाज पूर्ण वाढवून कान सबवूफरला लावला तरच बारीकसं ऐकू येतं.

केबल : फायबरची आली, दोरीने ओढली. सुटं डोकं नसतं तर दुसऱ्या बाकात अडकली असती. 'ऑटोमॅटिक' वर ४के १२० हर्ट्झ तीन तास, एकही ठिपका नाही. ई-आर्कही चालू.

एकच विचारायचंय. रिसीव्हर बंद असताना डीटीएचचं चित्र टीव्हीवर येत नाही. घरात दिवसा बातम्या बघताना रिसीव्हर नको असतो.

पन्नासहर्ट्झ

रिसीव्हरच्या एचडीएमआय मेनूत 'पास थ्रू' किंवा 'स्टँडबाय थ्रू' चालू करा आणि त्याचा सोर्स 'लास्ट' ठेवा. स्टँडबायमध्ये वीज थोडी जास्त खाईल, पण चित्र आणि आवाज दोन्ही टीव्हीला जातील. रिसीव्हर मात्र भिंतीच्या खटक्यावरून बंद करायचा नाही, रिमोटवरूनच.

आणि वळवाचे ढग आले, गडगडाट सुरू झाला की उलट करा : खटके बंद, डीटीएचचा कोॲक्स बॉक्सपासून पिळून बाजूला. गच्चीवरून आलेला झटका कोॲक्सवरून बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआयने रिसीव्हरच्या बोर्डावर जातो. ग्राउंडिंग ब्लॉकने तो कमी होतो, थांबत नाही. इतर वेळीही एचडीएमआय काढताना-लावताना दोन्ही यंत्रांचे खटके बंद असू द्या. दोन पिनांच्या प्लगच्या यंत्रांची खोकी जमिनीपासून तरंगत असतात आणि त्यांच्यातली गळती पहिल्यांदा टेकणाऱ्या पिनवरून वाहते.

मध्यलय

'पास थ्रू' केलं, चित्र येतंय. कोॲक्सच्या जोडाजवळ 'आधी हा काढा' अशी चिठ्ठी चिकटवली आहे. सगळ्यांचे मनापासून आभार.